फोटोतले इंगोलेकाका

माझी मावसबहीण कोल्हापूरला असते. एका दुपारी तिने मला मोबाईलवर एक फोटो पाठवला आणि खाली विचारलं, ‘ही गोधडी घेऊ का? आणि हे काका कोण असतील गं? सारखे माझ्याकडेच बघतायत.’ फोटोत खाकी गणवेशातले एक गृहस्थ छातीपुढे जांभळ्या-पिवळ्या तुकड्यांची गोधडी धरून उभे होते. आपली काहीतरी वस्तू हरवली आहे आणि ती बघणाऱ्याच्याच खिशात आहे, अशी त्यांची नजर होती. मी मान वर केली. तेच गृहस्थ त्या वेळी आमच्या मधल्या भिंतीपलीकडे, बनियनवर, कढीपत्त्याच्या झाडाला पाणी घालत होते.

आपण कोल्हापुरात पोचलो आहोत हे त्यांना ठाऊक नव्हतं. कारण बहिणीने तो फोटो ज्या ऑनलाईन दुकानात पाहिला, ते दुकान त्यांचं नव्हतंच.

हे भगवान इंगोले. मालेगावला माझी बदली झाली आणि मी त्यांच्या शेजारचं घर भाड्याने घेतलं. वाशीम जिल्ह्यातलं मालेगाव, नाशिककडचं नव्हे, हे मला माहेरी दर खेपेला सांगावं लागायचं. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी सहा वर्षं शिकवलं. त्या सहा वर्षांत मुलांनी मला काय दिलं ते वेगळं लिहीन, पण भिंतीपलीकडच्या ह्या माणसाने जे दिलं ते आठवलं की आजही मी एकटीच हसत बसते.

काका एसटीत कंडक्टर होते. मेडशी, मालेगाव, वाशीम, रिसोड ह्या पट्ट्यातलं एकही गाव असं नसेल जिथल्या माणसाला त्यांनी तिकीट दिलं नसेल. मी गेले तेव्हा निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झाली होती, पण घरातलं वागणं ड्युटीवर असल्यासारखंच होतं. कानावर पेन्सिल. बारसं असो, लग्न असो, बुद्धविहारातला कार्यक्रम असो, आत शिरल्याबरोबर ते हवेत पेन्सिलीचं टोक टेकवत माणसं मोजायचे आणि आकडा मनाशी जुळला की मगच बसायचे. जेवणाच्या पंगतीत दाराशी गर्दी झाली की मागून आवाज यायचा, ‘पुढे सरका, पुढे जागा हाय.’ एखादा पाहुणा फार वेळ बसला की ते टेबलावर बोटाने दोनदा ठोकायचे, आणि पाहुणा का कोण जाणे, उठायचाच. खिशात तिकिटाला भोक पाडायचा जुना पंच असायचा. यंत्रं आल्यावर त्याचं काम संपलं होतं. पण विचार करताना काका खिशात हात घालून तो दाबत, आणि कट् कट् असा आवाज आला की काकू म्हणायच्या, विचार चालू झाला.

माणसांच्या त्यांनी दोनच जाती मानल्या होत्या: तिकीट काढणारे आणि फुकटे. बाकी कुठल्याही चुकीला त्यांच्याकडे माफी होती. फुकट्याला नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी त्यांचे सासरे मेडशीला त्यांच्या गाडीत चढले. जावयाचीच गाडी, म्हणून ते ऐटीत पुढच्या बाकावर बसले आणि शेजाऱ्यांना सांगू लागले, हा आपला जावई. काका मागून तिकिटं देत देत त्यांच्यापाशी आले आणि हात पुढे केला. सासरे हसून म्हणाले, मी तुमचा सासरा. काकांनी उत्तर दिलं, ‘सासऱ्याले सवलत नाई.’

पूर्ण तिकीट फाडलं. कुसुमकाकू आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. सासरे मात्र खमके. त्यानंतर हयातभर ते लेकीकडे आले की चपला काढायच्या आधी दारातच उभं राहून जावयाला तिकीट दाखवायचे, आणि काका ते नीट वाचून परत द्यायचे. ह्यात कोण कोणाची चेष्टा करत होतं ते काकूंना शेवटपर्यंत कळलं नाही.

गोधड्या काकू शिवायच्या. त्या वाकळ म्हणायच्या, म्हणजे खरं तर वाकय. जुन्या लुगड्यांचे थर, वर नव्या-जुन्या तुकड्यांची मांडणी, आणि कडेपासून आत आत येत मधल्या चौकोनात संपणारा बारीक धावदोरा. एकीसारखी दुसरी नाही. झालेल्या गोधडीवर त्या स्वतः एक दुपार झोपून बघत आणि कुठे गाठ टोचली तर तेवढं उसवून पुन्हा शिवत. त्यांची मुलगी शीतल पुण्याला नोकरीला होती. तिनेच ह्या गोधड्या ऑनलाईन विकायला लावल्या आणि वडिलांना मोबाईलवर फोटो काढायला शिकवलं. काकांनी ते काम ड्युटीसारखं घेतलं. अंगणात बाज टाकायची, तिच्यावर गोधडी अंथरायची, सकाळचं ऊन भिंतीवरून खाली उतरलं की फोटो काढायचा. मग एका वहीत नोंद: फोटो क्रमांक, तारीख, वेळ, गोधडीचे रंग, कोणतं टोक कोणी धरलं. शेवटी शेरा. एका शेऱ्यात मी वाचलं होतं, ‘ऊन बरे. शेळी आली होती, हाकलली.’

पहिली चोरी मीच पाहिली. शाळेच्या मधल्या सुट्टीत मोबाईल चाळताना एका भलत्याच दुकानात काकांची बाज दिसली. तीच बाज, तीच गोधडी, बाजेच्या खुराशी काकूंच्या पायाचा अंगठासुद्धा तोच. दुकानाच्या नावात आईची माया, आजीचा हात असं काहीतरी होतं आणि गोधडी निम्म्या किमतीला होती. संध्याकाळी मी काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं, खिशात पंच दोनदा वाजला.

‘हा मानूस चढला कुठून?’ त्यांनी विचारलं.

त्या दिवसापासून घराची शांतता गेली. फुकट्या गाडीत शिरला होता आणि कंडक्टरला त्याचा बाक सापडत नव्हता. काकांनी सर्वात आधी तोच उपाय केला जो त्यांना येत होता. गोधड्यांचे फोटो स्टुडिओतून छापून आणले, प्रत्येकाच्या कोपऱ्याला पंचने भोक पाडलं, आणि त्या भोक पाडलेल्या फोटोंचे पुन्हा मोबाईलने फोटो काढून दुकानात लावले. त्यांचं म्हणणं, भोक असलेलं तिकीट दुसऱ्याला वापरता येत नाही. आठवडाभरात नांदेडच्या एका बाईंनी विचारलं, गोधडीला उंदराने कुरतडलंय का. काकूंनी ते फोटो त्याच दिवशी काढायला लावले.

मग शीतलने फोनवर सांगितलं की फोटोवर आपलं नाव टाकतात. तिने सांगितलं होतं बारीक आणि फिकट. काकांनी टाकलं लाल आणि ठळक: ‘सौ. कुसुम भगवान इंगोले, मु. पो. मालेगाव, जि. वाशीम. सदर फोटो विनापरवाना वापरणाऱ्यावर कारवाई होईल.’ एवढा मजकूर म्हटल्यावर तो ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि खाली गोधडी आहे हे फक्त कडेच्या झालरीवरून कळायचं. एका गिऱ्हाइकाने नम्रपणे विचारलं, न लिहिलेली मिळेल का.

तिसरा उपाय गणवेशाचा. काका म्हणाले, नाव पुसता येते, मानूस कसा पुसणार? त्यांनी ट्रंकेतून खाकी गणवेश काढला, इस्त्री केला, आणि त्यापुढच्या प्रत्येक फोटोत गोधडीच्या मागे स्वतः उभे राहू लागले. हसायचं नाही हे त्यांनीच ठरवलं होतं. फोटो काढायला कधी काकू, कधी मी. गंमत म्हणजे ह्याने विक्री वाढली. लोकांना ते गृहस्थ खरे वाटले असावेत. आणि कोल्हापूरहून माझ्या बहिणीचा फोटो आला तो नेमका ह्या काळातला. चोराने गोधडी उचलली होती, काकांसकट.

मी भिंतीवरून मोबाईल पुढे केला. काकांनी पाण्याची बादली खाली ठेवली. त्या दुकानात त्यांचे चौदा फोटो होते. एकाखाली कोणीतरी लिहिलं होतं, ‘गोधडी ठीक. फोटोतले काका मिळाले नाहीत.’ मला हसू आवरेना. काका हसले नाहीत. ‘ह्यानं तं कंडक्टरच पळवला,’ एवढंच म्हणाले.

इथपर्यंत सगळी गंमतच होती. पुढच्या आठवड्यात रिठदचे जाधव गुरुजी आले.

गुरुजी प्राथमिक शिक्षक होते, आता निवृत्त. कितीतरी वर्षं ते काकांच्या गाडीने जा-ये करायचे आणि काका त्यांच्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवायचे. ते आले, काकूंनी दिलेलं पाणी प्यायले आणि पिशवीतून एक गोधडी काढून पायरीवर ठेवली. पहिल्याच धुण्यात तिचा रंग गेला होता आणि एका बाजूने आतला स्पंज बाहेर आला होता. गुरुजींचं धोतर लाल झालं ते वेगळंच. ते रागावले नव्हते, हे जास्त वाईट होतं.

‘इंगोले, तुमचं तोंड पाहून घेतली मी,’ ते म्हणाले.

काकांनी काही सांगायचा प्रयत्न केला. फोटो चोरला, दुकान दुसऱ्याचं, माल दुसऱ्याचा. पण बोलता बोलता त्यांनाच ते खोटं वाटू लागलं असावं, कारण ते मधेच थांबले. तिकीट न काढता पकडलेला प्रत्येक माणूस असंच काहीतरी लांबण लावत असेल, आणि त्यांनी आयुष्यभर एकाचंही ऐकून घेतलं नव्हतं. काकूंनी मात्र ती गोधडी उचलली, उजेडात धरली, टाक्यावरून बोट फिरवलं. मशीनची शिलाई. त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच राग पाहिला. आत जाऊन त्यांनी आपली एक गोधडी आणली आणि गुरुजींच्या पिशवीत कोंबली. गुरुजी नको नको म्हणत होते. काकू म्हणाल्या, ‘आठ दिवस झोपून पाहा. मंग बोला.’

त्या दिवशी काका जेवले नाहीत. पंचही वाजला नाही.

दुसऱ्या दिवशी ते तक्रार लिहायला बसले. ज्या मोठ्या ऑनलाईन बाजारात हे चोराचं दुकान होतं, त्या बाजाराच्या नावे तीन पानी अहवाल, ‘विषय: विनापरवाना छायाचित्र वापरून प्रवास करणाऱ्या इसमाबाबत.’ ‘सदर इसम’ त्यात अकरा वेळा होता. पानांचे फोटो काढून त्यांनी पाठवून दिले. उलट उत्तर आलं की आपली चौकशी मिळाली, आपलं पार्सल लवकरच पोचेल. काका दोन दिवस पार्सलची वाट पाहत होते असं काकू सांगायच्या, पण ते मी मानत नाही.

मग शीतल रविवारी फोनवर बसली आणि तिने बापाला सरळ समजावलं. अशा तक्रारीचा वेगळा फॉर्म असतो. आपला फोटो कुठे आहे, चोरलेला कुठे आहे, त्याचे दुवे द्यायचे, आणि मूळ फोटो जोडायचा. मूळ फोटोत तारीख, वेळ, मोबाईल कोणता, सगळं आतल्या आत नोंदलेलं असतं आणि तो कापलेला नसतो. चोराकडे फक्त दुकानातली छोटी कापलेली प्रत असते. म्हणून मूळ फोटो कधी पुसायचा नाही आणि अशा तक्रारीखेरीज कोणाला पाठवायचा नाही.

‘म्हंजे तिकिटाचं अर्धुक आपल्यापाशी,’ काका म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. कारण त्यांनी एकही फोटो पुसला नव्हता, आणि वर ती वही होतीच. चोराच्या फोटोत जिथे कड संपत होती, तिथून पुढे आमच्या मूळ फोटोत भिंत होती, कढीपत्ता होता, एका फोटोत वहीत नोंदलेली शेळी जाताना दिसत होती. चौदा फोटोंच्या चौदा तक्रारी आम्ही तीन दिवसांत भरल्या. मी टाईप करायची, काका वहीतून वाचायचे, आणि प्रत्येक तक्रार गेली की कानावरची पेन्सिल काढून बरोबरची खूण करायचे.

चार दिवसांनी फोन आला. त्या बाजाराच्या कार्यालयातून एक मुलगी हिंदीत बोलत होती. मूळ फोटो जुळतात, ती म्हणाली, पण अडचण अशी की समोरच्या दुकानदाराने लिहून दिलंय, फोटोतले गृहस्थ त्याचे सख्खे काका आहेत आणि फोटो घरीच काढलेत.

मी फोनवर हात ठेवून हे काकांना सांगितलं. ते उभे होते ते बसले.

काकू तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘दिवाळीले बोलवा मंग त्याले.’

ठरलं असं की उद्या सकाळी त्या मुलीने व्हिडिओ कॉल करून खात्री करायची. अकराची वेळ होती. काका नऊपासून गणवेशात तयार. पोटावरचं एक बटण लागेना, तिथे काकूंनी त्यांना उभं ठेवूनच दोन टाके घातले. बाज फोटोतल्या जागी, वहीत बघून वीतभर डावीकडे सरकवलेली. जांभळी-पिवळी गोधडी सुदैवाने अजून विकली गेली नव्हती. कॉल लागला. मी मोबाईल धरला आणि काकांनी गोधडी छातीपुढे धरली.

मुलगी म्हणाली, नमस्ते सर. काका गप्प. ती म्हणाली, सर, मेरी आवाज आ रही है? काका गप्प. फोटोत तोंड बंद आहे, तेव्हा ते उघडलं तर पुरावा बिघडेल, असा त्यांचा हिशोब होता हे मला नंतर कळलं. पापणीसुद्धा हलली नाही. अर्ध्या एक मिनिटाने ती मुलगी मला म्हणाली, ‘मैडम, लगता है आपका नेटवर्क अटक गया।’

नेटवर्क उत्तम होतं. ते सिद्ध झालं काकूंमुळे. त्या बादली घेऊन काकांच्या मागून सावकाश उजवीकडून डावीकडे गेल्या, धुणं वाळत घालून डावीकडून उजवीकडे परत आल्या, आणि काका तसेच. पलीकडे ती मुलगी जी हसायला लागली ती थांबेना. शेवटी म्हणाली, सर, बैठ जाइए, हो गया।

काका बसले नाहीत. त्यांनी गोधडी घडी करून बाजेवर ठेवली, खिशातून कागद काढला आणि पहिल्यांदा तोंड उघडलं. ‘मैडम, मेरे को सात भतीजे है. उसमें ये नहीं है.’ आणि त्यांनी सातही पुतण्यांची नावं, गावासकट, वाचून दाखवली. तिने ती सगळी ऐकून घेतली. मला वाटतं लिहूनही घेतली.

आठवड्याभरात चौदाही फोटो त्या दुकानातून गेले. तसं पत्र मोबाईलवर आलं. काकांनी ते स्टुडिओतून छापून घेतलं आणि पहिल्या एसटीने रिठदला गेले. गुरुजींनी पत्र दोनदा वाचलं. मराठी भाषांतर मी केलं होतं, त्यात त्यांना ऱ्हस्व-दीर्घाच्या तीन चुका सापडल्या. लाल पेनाने त्या दुरुस्त करून त्यांनी कागद परत दिला आणि म्हणाले की झोप चांगली लागते. काका परत आले ते शीळ घालत. त्या दिवशी दोन वेळा जेवले.

फुकटे काही संपले नाहीत. महिन्याभराने दुसऱ्या एका दुकानात पुन्हा गोधडी दिसली, ह्या वेळी काकांचं डोकं कापलेलं, नुसता खाकी सदरा आणि पुढे गोधडी. काका अहवालाचे कागद शोधू लागले. तेव्हा काकूंनी सुई खाली ठेवली आणि विचारलं, नाव फोटोवर कायले टाकता? ते वाकयीवरच असलं तं?

काकांनी कागद परत ठेवून दिले. तेव्हापासून काकू मधल्या चौकोनात गडद दोऱ्याने ‘कुसुम’ एवढंच शिवू लागल्या. फोटो चोरला तर नावासकट चोरावा लागे, आणि नाव नसलेली गोधडी घरी आली की गिऱ्हाईकच चोराशी भांडे. सहा महिने काकांनी डोकं लढवलं होतं ते काकूंनी चार अक्षरंसुद्धा न लागता सोडवलं. काकांनी हे मोठ्या मनाने मान्य केलं. पण गणवेश सोडला नाही. बाजारपेठेतल्या संचेती वहिनींच्या पापडांचे फोटो चोरीला गेले तेव्हा त्यांना काकांनी सगळं शिकवलं, मूळ फोटो जपायचा, वही ठेवायची, नाव बारीक आणि मधोमध. वर, गणवेश लागला तर माझा न्या, असंही सांगितलं. वहिनींनी तो नेला नाही.

माझी बदली झाली तेव्हा काकूंनी मला एक गोधडी दिली, निळ्या काठाची. सामान टेम्पोत चढलं होतं. काका म्हणाले, थांबा, फोटो काढू. ते साध्या सदऱ्यात होते. सवयीने मोबाईल घेऊन ते समोर उभे राहिले, तर काकूंनी त्यांच्या हातातून तो काढून टेम्पोवाल्याच्या हातात दिला आणि काकांचं मनगट धरून त्यांना आमच्या मधे ओढलं. कोणी कोणतं टोक धरायचं ह्यावरून थोडी ओढाताण झाली. टेम्पोवाल्याने घाईत काय दाबायचं ते दाबलं.

टेम्पो मेडशी ओलांडत होता तेव्हा तो फोटो आला. माझे डोळे मिटलेले. काकू गोधडीकडे बघतायत, कुठे सुरकुती पडली का ते. आणि काका तोंड उघडं टाकून, खालच्या पडलेल्या दाताची फट दाखवत, मोठ्याने हसतायत. फोटोवर कुठेही नाव नव्हतं, लाल नाही की बारीक नाही. खाली त्यांनी एक ओळ लिहिली होती.

‘मॅडम, हा कोनी चोरला तं चोरू द्या.’